पिस्टनवरचा आकडा

डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पिस्टनचं डोकं पुसलं, लाकडी पट्टीनं कार्बन खरवडला, तेव्हा खाली आकडा दिसला : 65.75. कडेगावच्या आमच्या सोप्यात गोणपाट अंथरून मी आजोबांच्या जावाचं इंजिन उघडून बसलो होतो. आई दोनदा येऊन विचारून गेली, "हे परत जोडता येतंय न्हवं?"

म्हैसूरहून गाडी निघाली तेव्हा हा आकडा 65 मिलिमीटर असणार. सिलिंडर झिजताना गोल राहत नाही. पिस्टन वर-खाली होताना एका अंगाला जास्त दाबतो, भोक लंबगोल होतं. मग ते पाव मिलिमीटरनं वाढवून पुन्हा गोल करायचं आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. पाव-पावानं गेले असतील, तर हा सिलिंडर तीनदा बोअर झालेला.

जावाचा छापील इतिहास तुम्हाला मोबाईलवर दहा मिनिटांत मिळेल. 1929 साली यानेचेक यांनी वांडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम घेतलं, दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. 1961 मध्ये रुस्तम इराणींच्या आयडियल जावानं म्हैसूरला उत्पादन सुरू केलं, पुढे येझदी आली, 1996 मध्ये कारखाना बंद पडला, 2018 मध्ये नाव परत आलं. सगळं खरं. पण त्यात माझी गाडी कारखान्याच्या दारापर्यंतच आहे. पुढची सगळी वर्षं तिनं इथल्या धुळीत काढली.

हे टू-स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, वंगणाचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. धूळ आत गेली की सिलिंडर खातो, ऑईल कमी पडलं की पिस्टन धरतो. आजोबा काटकसरी होते. ऑईलही काटकसरीनंच ओतत असावेत, असा मला संशय आहे.

मग ती तीन बोअर कुणी केली? इथे गोष्ट मोटरसायकलच्या बाहेर जाते. शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी नांगर विकले, मग पंप. पुढे विहिरीविहिरीवर ऑईल इंजिनं धडधडू लागली. इंजिन आलं की बोअर, लायनर, रिंगा आल्याच. आमच्या दुष्काळी भागात विहिरीचं इंजिन बंद पडणं म्हणजे उभं पीक जाणं, त्यामुळे दुरुस्ती उद्यावर ढकलता येत नसे. जावा आली तेव्हा तिला हात लावणारी माणसं आधीच तयार होती.

बोअरचं काम घरी होत नाही. सिलिंडर पिशवीत घालून विट्याला नेला. टर्नरकाकांनी आत बोट फिरवलं, गेज लावला. "66 करावं लागंल. अजून दोनदा निघंल, मग लायनरच."

त्याच आठवड्यात पुण्याहून एका गिऱ्हाईकाचा फोन आला होता. जुना न वापरलेला, स्टँडर्ड मापाचा सिलिंडर तो देणार, गाडी 'ओरिजिनल' झाली की घेणार. रक्कम एवढी होती की आईनं हिशेब मांडायला घेतला, त्यात घराचा गिलावा निघत होता. मी दोन रात्री झोपलो नाही. काकांना सांगितलं तर हसले. "वरिजनल म्हंजी कुणी न चालवल्याली?"

66 चंच माप सांगितलं. आई चार दिवस बोलली नाही, गिलावा अजून व्हायचा आहे. आता माझं इंजिन जन्मापेक्षा जवळपास आठ सीसीनं मोठं आहे, आरसी बुकात मात्र जुनाच आकडा.

जोडल्यावर अकराव्या किकला सुरू झालं. दोन्ही सायलेन्सरांतून एवढा धूर निघाला की शेजारची काकू पाणी घेऊन धावत आली. या वेळी ऑईल मी जरा जास्तच ओतलं होतं.