संशोधनाचा वाटा मागापर्यंत

भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग चालूच राहतो. कामगाराची नजर जाईपर्यंत कापडात दोषाची उभी रेघ उतरते आणि ठाणाचा भाव पडतो. प्रत्येक धाग्यावर पोलादी पत्ती, म्हणजे ड्रॉप पिन, अडकवली की धागा तुटताच ती खाली पडते, विजेचे मंडल जुळते आणि माग थांबतो. अशा सुधारणांना सरकारने अनुदान दिले. या मदतीमागच्या विचाराचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळात सापडते.

१९१७ साली ब्रिटिश सरकारने सहकारी संशोधनासाठी दहा लाख पौंड बाजूला काढले. एकट्या कारखान्याला प्रयोगशाळा परवडत नाही. म्हणून धंद्यातल्यांनी वर्गणी काढावी आणि सरकारने त्यात भर घालावी, अशी ही रीत. मँचेस्टरची कापड संशोधन करणारी शर्ली इन्स्टिट्यूट त्यातूनच घडली. भारतात विक्रम साराभाईंनी १९४७ साली अहमदाबादेत ‘अटिरा’ ही वस्त्र संशोधन संस्था उभारली, तर १९५४ साली मुंबईत बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन स्थापन झाली.

या संस्थांचा मुख्य आधार होता गिरण्यांचा. विणकाम मात्र गिरण्यांबाहेर सरकत होते. १९८२च्या मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर त्याला वेग आला आणि भिवंडीचे माग रात्रंदिवस धडधडू लागले. इथल्या चार-आठ मागांच्या कारखानदाराला प्रयोगशाळेची वाट ठाऊक नव्हती. प्रयोगशाळा त्याच्याजवळ आणण्याचे काम यंत्रमाग सेवा केंद्रांकडे आले: सूत-कापडाची तपासणी, माग जुळवणाऱ्या जॉबरांचे प्रशिक्षण, तांत्रिक सल्ला.

१ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांनी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना भिवंडीतूनच सुरू केली. तीन वर्षांसाठी ४८७ कोटी रुपयांची तरतूद होती. साध्या मागाच्या सुधारणेला सर्वसाधारण गटात निम्मा खर्च, मागामागे कमाल २०,००० रुपये. अनुसूचित जातींना ७५ आणि जमातींना ९० टक्के. सेवा केंद्रांच्या आधुनिकीकरणालाही त्यात जागा होती.

मूळ रीतीत वर्गणीदाराला एक मोठा हक्क होता: आपली अडचण संशोधकापुढे मांडण्याचा. अनुदानाने सुटा भाग मिळतो, हा हक्क मिळत नाही. मागाचा कानठळ्या बसवणारा आवाज, शेडमधला उकाडा, हवेत उडणारा कापसाचा बारीक तूस, हे सगळे संशोधनाचेच विषय आहेत. सेवा केंद्रांनी ते कारखानदार आणि कामगारांकडून गोळा करावेत, आणि सरकारने संशोधनाच्या पैशातला ठरावीक वाटा या प्रश्नांच्या उत्तरांसाठी राखून ठेवावा.