ट्रकमागचा तो लोखंडी दांडा

ट्रकच्या मागे खाली एक आडवा लोखंडी दांडा असतो. तो नंबरप्लेट आणि लाल दिवे लावायला असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तो आपल्या, म्हणजे कारवाल्यांच्या, जिवासाठी आहे. आणि त्याला 70 वर्षांचा इतिहास आहे.

धडक बसली की कारचं बॉनेट चेपतं आणि चेपताना धक्का खातं. बेल्ट, एअरबॅग हे सगळं त्याच हिशोबानं बसवलेलं. पण ट्रकचा हौदा असतो बॉनेटच्या वर. मागे भक्कम दांडा नसेल, तर बॉनेट सरळ खाली घुसतं आणि हौद्याची कड थेट काचेवर येते. मग पुढे बसलेल्यांचं काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत 1953 सालीच या दांड्याचा नियम आला. पण तो जमिनीपासून 30 इंच उंच असला तरी चालायचा, आणि मजबुतीची चाचणी नव्हतीच. 29 जून 1967 च्या पहाटे लुइझियानात अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड यांची कार ट्रेलरखाली घुसली. डासांच्या फवारणीचा धूर रस्त्यावर पसरला होता, म्हणून ट्रेलर हळू झाला होता. पुढच्या सीटवरचे तिघेही गेले. मागे बसलेली तीन मुलं वाचली. त्या दांड्याला तिकडे आजही 'मॅन्सफिल्ड बार' म्हणतात.

एवढं होऊनही 1971 मध्ये तिथल्या सरकारनं कडक नियमाचा प्रस्ताव गुंडाळला. कारण काय, तर खर्च परवडत नाही! 22 इंच उंची आणि मजबुतीची चाचणी लागू व्हायला 1998 उजाडलं. म्हणजे 31 वर्षं गेली.

आपल्याकडेही 2005 चं भारतीय मानक आहे, आयएस 14812. कागदावर सगळं ठीक आहे. पण मी आपल्या बायपासवर उभे ट्रक बघतो, तेव्हा कुठे दांडा वाकलेला, कुठे गंजलेला, तर कुठे नुसत्या तारेनं बांधलेला दिसतो. उसाच्या ट्रॉल्यांना तर साधा रिफ्लेक्टरही नसतो, आणि त्या रात्री रस्त्याकडेला उभ्या असतात.

चूक कारवाल्याची असेल, झोपेची असेल, वेगाची असेल. पण चुकीची शिक्षा मरण नसावी, एवढ्यासाठीच हा दांडा आहे. पासिंगच्या वेळी तो नुसता 'आहे' म्हणून टिक करू नका, हलवून बघा. एवढीच मागणी आहे.