दंडमुक्तिपत्रांचा व्यापार आणि नीतिमत्त्वाचा वाद

सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मन प्रदेशांत विकल्या गेलेल्या दंडमुक्तिपत्रांनी पापाची क्षमाच विकत मिळे, असा सर्वसाधारण समज असला तरी चर्चची अधिकृत शिकवण इतकी ढोबळ नव्हती. तिच्यानुसार पापाचा दोष पश्चात्ताप आणि धर्मगुरूपुढील पापनिवेदन यांनी दूर होई, पण त्याबद्दलची शिक्षा शिल्लक राही, आणि ती हयातीत पुरी न झाल्यास शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गप्रवेशापूर्वी आत्मा शुद्ध होतो असे मानलेल्या अवस्थेत, भोगावी लागे; दंडमुक्ती होती ती या उरलेल्या शिक्षेपुरती. ख्रिस्त आणि संत यांच्या पुण्याचा अक्षय साठा चर्चच्या स्वाधीन आहे, हा तिचा सैद्धांतिक आधार पोप सहाव्या क्लेमेंटने १३४३ मध्ये मांडला, आणि १४७६ मध्ये चौथ्या सिक्स्टसने ही सवलत मृतांनाही लागू केली. या प्रथेचा बाजार झाला तो येथून, असे म्हणण्यास हरकत नाही, कारण जिवंत माणसाला स्वतःसाठी पश्चात्ताप चुकत नसे, दिवंगत आईबापांसाठी मात्र नुसते पैसे पुरतात असे प्रचारक सांगू लागले.

माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेश्ट याने हे पद मिळवण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्ज काढले होते, आणि रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी जाहीर झालेल्या दंडमुक्तीचे निम्मे उत्पन्न या कर्जफेडीकडे वळवण्यात आले. योहान टेट्झेल हा डोमिनिकन संन्यासी तिचा प्रचारक होता. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राटनिवडीचा हक्क असलेला राज्यकर्ता, फ्रेडरिक याने आपल्या हद्दीत त्याला मज्जाव केला. अर्थात त्यामागे तत्त्वनिष्ठा शोधू नये, कारण विटेनबर्गमधील त्याच्या स्वतःच्या संग्रहातील संतांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनानेही दंडमुक्ती मिळत असे.

विटेनबर्गचा प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याचे ३१ ऑक्टोबर १५१७ चे ९५ मुद्दे या विक्रीविरुद्ध असले तरी नीतिमत्त्वाचा, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याविषयीचा, त्याचा सिद्धान्त त्यांत जवळजवळ नाही. या सिद्धान्ताची मुळे त्याने १५१५-१६ मध्ये बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्रावर दिलेल्या व्याख्यानांत आहेत. माणूस आपल्या कुवतीप्रमाणे जे करू शकतो ते करील, तर देव त्याला कृपा नाकारणार नाही, असे गाब्रिएल बीलसारखे आधीचे धर्मपंडित शिकवीत. परंतु आपण कुवतीइतके केले की नाही याची खात्री कोणालाच देता येत नसल्याने चिकित्सक मनाला या शिकवणीत दिलासा कमी आणि धास्ती जास्त होती. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शासन करणारा त्याचा न्याय, या अर्थाचा आपण द्वेष करीत होतो, असे ल्यूथरने १५४५ मध्ये लिहिले. त्याच्या नव्या वाचनानुसार ते देव मागत नाही, देतो. ख्रिस्तावरील विश्वासाने स्वीकारलेले हे परके, म्हणजे ख्रिस्ताचे, नीतिमत्त्व माणसाच्या नावे धरले जाते, आणि पापी असतानाच तो नीतिमान ठरतो. पुण्याच्या साठ्यातून उसनवारी करण्याची कल्पनाच यामुळे निरर्थक ठरली.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये याला उत्तर देताना, आरंभ कृपेनेच होतो हे मान्य करून, नीतिमान ठरण्यात अंतःकरणाचे खरेखुरे नूतनीकरणही येते आणि माणूस त्याला स्वेच्छेने साथ देतो, असे ठरवले. पैशाशी जोडलेल्या दंडमुक्ती पोप पाचव्या पायसने १५६७ मध्ये रद्द केल्या. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी फुगरांच्याच आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन विश्वसंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, मात्र तिने दंडमुक्तीचा प्रश्न सोडवला नाही. दोन महिन्यांच्या आत सुरू झालेल्या २००० च्या महोत्सवी वर्षात रोमने ती पुन्हा, पण विनामूल्य, देऊ केली.