गॅरीच्या शाळा : हातांचे शिक्षण आणि मुलांचा हक्क



कामगार चळवळीत उमर घालवलेल्या माणसाने शाळेवर व्याख्यान द्यावे, याचे कोणाला नवल वाटले तर ते गैर नाही. माझे स्वतःचे शालेय शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. पण कारखान्याच्या दारात उभा राहणारा माणूस शाळेचा विचार टाळू शकत नाही. दारातून आत जाणारा प्रत्येक जण केव्हा तरी बाकावर बसलेला असतो, आणि त्या बाकावर त्याला काय शिकवले, यावर तो पुढे मान खाली घालतो की वर करतो, हे पुष्कळसे ठरते.

आज मुलांना वर्गात ‘प्रकल्प’ करायला देण्याची सर्वत्र चाल पडली आहे. बाग करा, वृत्तपत्र काढा, पाण्याची तपासणी करा, नाटक बसवा. ही कल्पना नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका पोलादी शहराने आपल्या सगळ्या सार्वजनिक शाळा या तत्त्वावर उभारल्या होत्या. एखादी नमुनेदार शाळा काढणे सोपे असते. साऱ्या गावाच्या, गरिबांच्या शाळा तशा करणे अवघड. तो प्रयोग कसा झाला, कोणी उचलून धरला, कोणी दगड मारले आणि अखेर काय झाले, एवढाच आजचा विषय.

मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर, शिकागोपासून थोड्या अंतरावर, इंडियाना राज्यात १९०६ पर्यंत वाळूच्या टेकड्या आणि दलदल होती. त्या वर्षी युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशनने तेथे पोलादाचा प्रचंड कारखाना आणि त्याच्या पाठोपाठ शहर वसवायला घेतले. शहराला नाव दिले ते कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे. १९१० मध्ये तेथे १६,८०२ वस्ती होती, १९२० मध्ये ५५,३७८ आणि १९३० मध्ये १,००,४२६. पोलंड, हंगेरी, इटली, ग्रीस, क्रोएशिया अशा मुलखांतून माणसे आली. पुढे मेक्सिकोतून आली, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून कृष्णवर्णी कुटुंबे आली. बाप भट्टीवर, बारा तासांची पाळी, आणि पोरे रस्त्यावर. गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

अशा गावात १९०७ साली विल्यम वर्ट नावाचे तिशीतले गृहस्थ शाळांचे अधीक्षक म्हणून आले, आणि १९३८ साली मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. त्यांच्या विचाराचा गाभा असा होता : खेड्यातले मूल शेतात, गोठ्यात, सुताराच्या नेटावर पाहत पाहत शिकते. शहरातल्या मुलाच्या वाट्याला यातले काही येत नाही. त्याला पुस्तक मिळते आणि रस्ता मिळतो. तेव्हा काम, अभ्यास आणि खेळ ही तिन्ही शाळेनेच एका आवारात आणावीत. एमर्सन शाळा १९०९ मध्ये सुरू झाली आणि परदेशी मजुरांच्या वस्तीतली फ्रोबेल शाळा १९१२ मध्ये. या शाळांत बालवर्गापासून वरच्या इयत्तेपर्यंतची मुले एकत्र होती. वर्गखोल्यांच्या जोडीला सुतारशाळा, छापखाना, ओतशाळा, प्रयोगशाळा, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, बागा आणि मोठे सभागृह होते.

मुले काय करीत? शाळेच्या बाकांची व कपाटांची दुरुस्ती करीत, नवे सामान घडवीत, भिंतींना रंग देत. शाळेचे छापील कागद शाळेच्या छापखान्यात छापत. स्वयंपाकाच्या वर्गातल्या मुली शाळेचे भोजनगृह चालवीत आणि हिशेब शिकणारी मुले त्याचे जमाखर्च ठेवीत. रसायनाच्या वर्गातली मुले शहराचे पाणी आणि दूध तपासून पाहत. शिकवायला शिक्षकांबरोबर कसबी कारागीर नेमलेले असत. लहान मुले मोठ्यांच्या हाताखाली उमेदवारी करीत. रोज सभागृहात एक तास असे. त्यात एका वर्गाने केलेले काम दुसऱ्या वर्गासमोर मांडायचे, गाणे म्हणायचे, नाटुकले करायचे, वाद घालायचा. रात्री त्याच इमारतीत मोठी माणसे इंग्रजी आणि धंदेशिक्षण घ्यायला येत. भट्टीवरून आलेला बाप आणि त्याचा मुलगा एकाच शाळेचे विद्यार्थी, हा देखावा गॅरीत नित्याचा होता.

आता या योजनेची दुसरी बाजू पाहू, आणि इकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. साध्या शाळेत सगळी मुले एकाच वेळी वर्गात बसतात. तेव्हा मैदान ओस पडते. ती मैदानावर गेली की वर्ग ओस पडतात. वर्ट यांनी मुलांचे दोन गट केले. एक गट वर्गात असेल तेव्हा दुसरा कार्यशाळेत, सभागृहात, मैदानावर. मग अदलाबदल. यालाच पुढे प्लॅटून म्हणजे पलटणींची पद्धत म्हणू लागले. तेवढ्याच वर्गखोल्यांत जवळजवळ दुप्पट मुले सामावू लागली. गिरणीत यंत्र रिकामे राहू नये म्हणून पाळ्या लावतात, त्याच जातीचे हे गणित होते. म्हणजे एकाच योजनेच्या पोटात दोन हेतू नांदत होते. मुलाचे जीवन भरघोस करणे हा एक. इमारतीचा खर्च वाचवणे हा दुसरा. गॅरीचा पुढचा सारा इतिहास या दोन हेतूंच्या ओढाताणीचा आहे.

पहिल्या हेतूने विचारवंत भारावले. कोलंबिया विद्यापीठातले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि त्यांची कन्या एव्हलिन यांनी १९१५ साली नव्या शाळांवर पुस्तक लिहिले, त्यात गॅरीचे सविस्तर वर्णन आहे. शाळा पाहण्याचे काम एव्हलिनने केले होते. ड्यूईंचा विद्यार्थी रँडॉल्फ बोर्न याने १९१६ साली केवळ गॅरीवर पुस्तक प्रसिद्ध केले. येथे आपल्याकडच्या इतिहासाचा एक धागा सहज हाताला लागतो. १९१३ ते १९१६ या काळात त्याच कोलंबियात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ड्यूईंच्या व्याख्यानांना बसत होते. शाळा म्हणजे समाजजीवनाचाच एक प्रकार, आणि लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नसून एकमेकांबरोबर जगण्याची रीत, हे विचार त्या वर्गांतून मांडले जात होते. बाबासाहेबांनी पुढे १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात या गुरूचे ऋण उघड मान्य केले. ही आठवण मनात ठेवा. तिचा उपयोग शेवटी होईल.

दुसऱ्या हेतूने नगरपालिका भारावल्या. न्यूयॉर्कचे महापौर जॉन पुरॉय मिचेल यांच्यापुढे शाळांत न मावणाऱ्या मुलांचा प्रश्न होता. त्यांनी १९१४ साली वर्ट यांना सल्लागार म्हणून बोलावले, आणि काही शाळांत योजना सुरू झाली. पुढच्या दोनतीन वर्षांत ती वाढवायचे ठरले. पण गॅरीत जे तलाव, बागा आणि कार्यशाळा होत्या, त्या न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या पुष्कळ शाळांत कोठून येणार? सामान अर्धे आले, पाळ्या मात्र पुऱ्या आल्या. पालकांना कोणी विचारले नाही. त्यांनी पाहिले ते एवढेच, की शाळेचा दिवस लांबला, पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावते आहे आणि पुस्तकाला कमी वेळ मिळतो आहे. आपल्या मुलाने वकील, डॉक्टर, शिक्षक व्हावे म्हणून शिवणयंत्रावर डोळे फोडणारी ती ज्यू कुटुंबे होती. त्यांच्या मनात शंका आली की, पोलादाच्या आणि तेलाच्या मालकांना स्वस्त मजूर पुरवण्याचा हा डाव आहे. ऑक्टोबर १९१७ मध्ये हजारो मुले वर्गांतून बाहेर पडली. मिरवणुका निघाल्या, शाळांच्या काचा फुटल्या, पोलीस धावले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मिचेल सपशेल हरले. त्यांच्या पराभवाला युद्धकाळाची इतरही कारणे होती, पण शाळांचा प्रश्न त्यांतले मोठे कारण होता. योजनेला विरोध करणारे जॉन हायलन महापौर झाले आणि न्यूयॉर्कने योजना गुंडाळली.

पुष्कळ शिक्षणपंडितांनी त्या पालकांना अडाणी ठरवले. मला ते पटत नाही. शंकेत अतिशयोक्ती होती हे खरे, कारण वर्ट यांचा हेतू मजूर घडवण्याचा होता असे दिसत नाही. परंतु ज्याला आजवर हातानेच राबवले गेले, त्याला हाताच्या कामाची थोरवी परक्याने येऊन सांगावी आणि त्याचे ऐकूही नये, तर तो दुसरे काय समजणार? पुढे १९१८ पासून अब्राहम फ्लेक्सनर आणि फ्रँक बॅकमन यांच्या पाहणीचे खंड निघाले. कल्पनेच्या धाडसाचे कौतुक करूनही, लेखन, वाचन, गणितात गॅरीची मुले मागे आहेत आणि कामावर देखरेख ढिली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पालकांची शंका अगदीच निराधार नव्हती.

गॅरीत मात्र शाळा चालू राहिल्या. तेथे कसोटी आली ती वेगळीच. सप्टेंबर १९१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन लाख पोलाद कामगारांनी संप पुकारला. बारा तासांचा दिवस आणि युनियनची मान्यता हे त्यांतले मुख्य प्रश्न होते. ऑक्टोबरात जनरल लिओनार्ड वुड यांचे सैन्य गॅरीत आले आणि शहर लष्करी अमलाखाली गेले. जानेवारी १९२० मध्ये संप मोडला. बारा तासांची पाळी कंपनीने १९२३ साली सोडली, तीही लोकमताच्या रेट्याने. ज्या गावातली शाळा मुलांना स्वतः विचार करायला शिकवीत होती, त्या गावात मुलांच्या बापांना एकत्र येऊन बोलायची मुभा नव्हती. शाळेचे आवार कितीही मोकळे केले तरी कुंपणाबाहेरचे जग आत शिरतेच.

ते कसे शिरते, हे रंगभेदाने आणखी स्पष्ट केले. १९२० च्या दशकाअखेर पलटणींची पद्धत अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक शहरांत पोचली होती, आणि गॅरीची कीर्ती शिखरावर होती. त्याच वेळी, १९२७ मध्ये, थोडे कृष्णवर्णी विद्यार्थी एमर्सन शाळेत घेतले म्हणून तेथील शेकडो गोऱ्या विद्यार्थ्यांनी ‘संप’ केला. संप या आमच्या पवित्र शब्दाची एवढी विटंबना क्वचितच झाली असेल! शाळामंडळ नमले. कृष्णवर्णी मुलांसाठी रूझवेल्ट ही वेगळी शाळा बांधायचे ठरले. फ्रोबेल शाळेत दोन्ही वर्णांची मुले होती, पण वर्गाबाहेर पडताच भेद सुरू होई. वाद्यवृंदात कृष्णवर्णी मुलांना स्थान नव्हते आणि तलावावर त्यांचा दिवस निराळा होता.

चवदार तळ्याच्या गोष्टीवर वाढलेल्या श्रोत्यांना याचा अर्थ मी काय सांगावा? महाडचा सत्याग्रहही १९२७ चाच. ज्या तलावात पोहायला शिकणे हा अभ्यासाचा भाग, त्याच तलावाने कोण शुद्ध, कोण अशुद्ध हा धडाही शिकवला. आणि मुले धडा पुस्तकातून घेतात त्याहून अधिक अशा कामांतून घेतात, हे तर वर्ट यांचेच म्हणणे होते.

१९४५ च्या सप्टेंबरात फ्रोबेलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांनीही बहिष्कार घातला. कृष्णवर्णी मुलांना शाळेतून काढा, ही मागणी. प्रकरण देशभर गाजले. प्रसिद्ध गायक फ्रँक सिनात्रा १ नोव्हेंबरला गॅरीत येऊन मुलांपुढे बोलले, तरी तंटा लगेच मिटला नाही. अखेर १९४६ साली शाळामंडळाने वर्णावरून भेद न करण्याचे धोरण मंजूर केले. ते अमलात आणायचे होते १९४७ पासून. ठराव चांगला होता, पण वस्त्याच वर्णवार वेगळ्या असल्यामुळे शाळाही पुष्कळशा तशाच राहिल्या.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. वर्ट यांच्यामागे त्यांची पद्धत हळूहळू विरली. पोलादाचा धंदा खालावला, नोकऱ्या गेल्या, ज्यांना जमले ते शहर सोडून गेले. १९६० मध्ये पावणेदोन लाखांवर असलेली वस्ती २०२० मध्ये ६९,०९३ वर आली. एमर्सन शाळा २००८ मध्ये बंद पडली. गॅरीच्या शाळांचा कारभार २०१७ साली राज्याने आपल्या हाती घेतला आणि २०२४ मध्ये तो गावाकडे परत आला. ज्या गावाने एके काळी पाहुण्यांना शाळा दाखवायच्या, त्याला आपल्याच शाळा चालवण्याचा हक्क सात वर्षे परक्या हाती पाहावा लागला.

मग प्रयोग फसला म्हणायचा काय? मी तसे म्हणणार नाही. परक्या भाषेची, अर्धपोटी मुले तेथे छापखाना चालवीत होती, शहराचे पाणी तपासत होती आणि सभागृहात उभी राहून बोलत होती. हे थोडे नव्हे. हाताला काम दिल्याने मुलाची बुद्धी खुंटते, ही पांढरपेशी समजूत गॅरीने खोटी पाडली. पण तिने हेही दाखवले, की उपक्रम आपल्या जागी मुका असतो. तेच बाक दुरुस्त करणे एकाला शिक्षण ठरते आणि दुसऱ्याला वेठ. फरक पडतो तो कामाच्या मागे कोण उभा आहे यामुळे.

म्हणून आपल्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत उपक्रम सुरू झाला, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी आणि दगड उचलण्यापूर्वीही काही साधे प्रश्न विचारावेत. या कामात मूल काही शिकते आहे, की शिपायाचा पगार वाचतो आहे? योजना ठरवताना गरीब पालकाला खुर्ची दिली होती काय? त्याबरोबर वाचन-गणिताची हयगय तर होत नाही ना? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : सहलीला, नाटकात, वाद्यवृंदात, पाण्याच्या माठापाशी, सगळी मुले आहेत काय? लोकशाही म्हणजे एकमेकांबरोबर जगण्याची रीत असेल, तर ती नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवून भागणार नाही. ती तलावाच्या काठावरच शिकवावी लागेल.