गळाची दोरी : खबर आणि हिसका

गळाची दोरी कशी असावी, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘मजबूत’ असे सांगतील. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दोरीला दोन कामे करावी लागतात. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा त्याची खबर हातापर्यंत पोचवायची, आणि गळाला लागलेला मासा हिसके देऊ लागला की ते सोसायचे. पहिल्या कामासाठी न ताणली जाणारी दोरी हवी, तर दुसऱ्यासाठी ताणली जाणारी. या विरोधी मागण्यांचा मेळ घालण्याची खटपट म्हणजेच गळाच्या दोरीचा इतिहास.

आयझॅक वॉल्टन यांचे गळाने मासे धरण्यावरचे प्रसिद्ध पुस्तक लंडनमध्ये १६५३ साली निघाले. त्या काळची दोरी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेली असे. काठीकडे जास्त केस, गळाकडे कमी. ती सहसा काठीच्या टोकालाच बांधत. मासा पळू लागला तर सोडायला जादा दोरी नसे. ओल्या केसाचे लांबणे आणि काठीचे वाकणे एवढाच काय तो आधार.

त्याच काळात, त्याच शहरात रॉबर्ट हूक तारांना आणि स्प्रिंगांना वजने टांगून त्यांची वाढ मोजत होते. जितके बल तितकी वाढ, हा त्यांचा नियम १६७८ साली छापला गेला. त्याआधी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांनी आणखी एक कल्पना मांडली होती : रेशमाचा किडा चिकट द्रवापासून धागा काढतो, मग माणसाला तसा धागा का काढता येऊ नये? गळाच्या दोरीपर्यंत ही कल्पना पोचायला पावणेतीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात किड्यालाच वेठीला धरले गेले. कोश विणण्याच्या बेतात आलेले किडे व्हिनेगरमध्ये टाकत, त्यांच्या रेशीमग्रंथी काढून ताणत आणि त्यांचा तंतू बनवत. स्पेनमधील मुर्सिया हे या धंद्याचे केंद्र होते. हे तंतू आखूड असत. ते गाठी मारून जोडावे लागत आणि वापरण्याआधी भिजवावे लागत.

२८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केले. १९३८ मध्ये ते जाहीर झाले. याच प्रयोगशाळेत ज्युलियन हिल यांना १९३० मध्ये दिसले होते, की अशा बहुवारिकाचा धागा थंड असताना ओढला तर तो कितीतरी पट लांब होतो आणि बळकटही होतो. विस्कटलेले रेणू धाग्याच्या दिशेने रांगेत येतात. पण सगळेच येत नाहीत. उरलेले गुंते ओढल्यावर सैल होतात, म्हणून नायलॉन ताणले जाते. पाणी शोषल्यावर तर अधिकच. आपल्याकडचा तंगूस तो हाच. तुटण्याआधी तो साधारण २० ते ३० टक्के लांब होतो.

पुढे आलेली पॉलिएस्टरची विणलेली दोरी याहून कमी ताणली जाई. फ्लुओरोकार्बनचा धागा पाण्यात कमी दिसतो, पाणीही शोषत नाही. ताणले जाण्यात मात्र तो नायलॉनच्याच पंगतीला बसतो. खरा फरक पडला तो नेदरलँड्समध्ये. तेथे पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास अतिशय लांब रेणूंचे पॉलिथिन द्रावकात विरघळवून, गुंते कमी करून, मग ओढले. जवळजवळ सगळे रेणू एका दिशेला आले. हा धागा तीन-चार टक्के ताणला की तुटतो.

आता थोडे गणित करू. दोन्ही दोऱ्या १० किलो वजनाला तुटणाऱ्या आणि ३० मीटर लांब धरू. तुटण्याआधी नायलॉन २५ टक्के, म्हणजे साडेसात मीटर वाढते. पॉलिथिन ४ टक्के, म्हणजे १.२ मीटर. सोयीसाठी दोघांना हूकचा नियम लावू (नायलॉन तो काटेकोर पाळत नाही). माशाने आमिष एक सेंटिमीटर ओढले, तर नायलॉनमधून हाताला १३ ग्रॅमचा फरक जाणवेल, पॉलिथिनमधून ८३ ग्रॅमचा. खबर सहापट स्पष्ट!

पण मासा जवळ आला, तीनच मीटर दोरी उरली आणि त्याने अर्ध्या मीटरचा हिसका दिला तर? काठी व गिरकी घट्ट धरली असतील, तर नायलॉनवर पावणेसात किलोचा भार येईल. पॉलिथिनवर तो ४० किलोंवर जायला हवा, म्हणजे ते त्याआधीच तुटेल. मजबुती सारखीच, पण तुटण्यापूर्वी सोसलेली ऊर्जा सहापट कमी.

म्हणूनच पॉलिथिनची दोरी वापरणारे पुष्कळ जण तिच्या टोकाला नायलॉनचा तुकडा जोडतात आणि गिरकी थोडी सैल ठेवतात. नव्या पदार्थाने जुना हद्दपार झाला नाही. दोघांनी काम वाटून घेतले.

बळकटी, ताठरपणा आणि चिवटपणा हे तीन निराळे गुण आहेत, हे व्याख्या पाठ करून मनात ठसत नाही, असे आम्हाला वाटते. तंगूस आणि शिवणाचा दोरा शेजारी टांगा, सारखी वजने लावा, पट्टीने वाढ मोजा आणि आलेख काढू द्या. दोरा तुटताना उसळतो, तेव्हा डोळे जपा. मग पहिला प्रश्न पुन्हा विचारा : मजबूत, म्हणजे नेमके कशासाठी?