इसे: दर वीस वर्षांनी नवे होणारे प्राचीन देवस्थान

जपानच्या मिए प्रांतातील इसे हे शिंतो धर्माचे सर्वोच्च देवस्थान. झिजलेल्या पायऱ्या आणि काळवंडलेले खांब पाहायला मिळतील, अशा अपेक्षेने येथे जाणारा प्रवासी प्रथम बुचकळ्यातच पडतो. येथील सध्याची मुख्य मंदिरे २०१३ साली उभारलेली आहेत. त्यांच्या शेजारीच तेवढ्याच आकाराची एक मोकळी जागा पांढऱ्या गोट्यांनी आच्छादून राखून ठेवलेली दिसते. २०३३ साली मंदिर त्या जागेवर जाईल. प्राचीन आहे ते मंदिराचे रूप आणि ते घडविण्याची रीत. लाकूड मात्र दर वीस वर्षांनी नवे असते.

इसे हे एकच मंदिर नव्हे. लहानमोठ्या १२५ देवस्थानांचा हा समूह असून त्यांत 'नाइकू' म्हणजे अंतर्मंदिर आणि 'गेकू' म्हणजे बहिर्मंदिर ही दोन प्रमुख होत. नाइकूमध्ये सूर्यदेवता अमातेरासु हिचा वास मानला जातो; जपानचे राजघराणे आपला वंश तिच्यापासून सांगते. गेकूमध्ये तोयोउके ही अन्नाची देवता आहे. सूर्यदेवतेला नैवेद्य पुरविणे हे तिचे काम. त्यासाठी गेकूमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ घर्षणाने अग्नी पेटवून अन्न शिजविले जाते. आधी गेकू, मग नाइकू असा दर्शनाचा क्रम रूढ आहे. दोन्हींमध्ये पाचेक किलोमीटरचे अंतर असून बसची सोय आहे.

पुनर्उभारणीचा हा विधी 'शिकिनेन सेंगू' या नावाने ओळखला जातो. सम्राज्ञी जितो हिच्या काळात, इ.स. ६९० मध्ये तो प्रथम झाला आणि २०१३ची खेप बासष्टावी होती. वास्तूची घडण पुरातन धान्यकोठारासारखी आहे. खांब पायाच्या दगडांवर न ठेवता थेट जमिनीत पुरलेले, जमीन उंचावलेली आणि छप्पर गवताने शाकारलेले. दमट हवेत अशी वास्तू फार काळ टिकत नाही. पण केवळ टिकाऊपणाचाच प्रश्न असता, तर दगडी पाया घालून तो केव्हाच सोडविता आला असता. वीस वर्षांच्या अंतराचा खरा लाभ कारागिरीला झाला आहे. तरुणपणी उमेदवारी करणारा सुतार पुढच्या खेपेस प्रमुख कारागीर होतो आणि त्यापुढच्या खेपेस वडीलकीच्या नात्याने देखरेख करतो. सुतारांइतकेच विणकर, लोहार आणि लाखकाम करणारेही यात गुंतलेले असतात. कारण देवतेची वस्त्रे, तलवारी, आरसे अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्याने घडविल्या जातात.

ही परंपरा अखंड आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते खरे नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या काळात ती शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली होती. तिला पुन्हा उभे केले ते बौद्ध भिक्षुणींनी. सेइजुन या भिक्षुणीने गावोगाव फिरून निधी जमविला आणि १५६३ साली गेकूची उभारणी झाली. बौद्ध संन्याशांना ज्या देवस्थानाच्या गाभ्याशी येण्यास मज्जाव होता, त्याचाच जीर्णोद्धार त्यांच्या हातून व्हावा, हा इतिहास विसरण्याजोगा नाही.

आजची अडचण लाकडाची आहे. एका खेपेस हिनोकी या सुगंधी सूचिपर्णी वृक्षाचे सुमारे दहा हजार ओंडके लागतात. इसेची मूळची जंगले शतकांपूर्वीच रिकामी झाल्याने लाकूड किसोच्या डोंगरांतून आणावे लागते. म्हणून १९२३ साली देवस्थानाने स्वतःच्या जंगलात दोनशे वर्षांच्या मुदतीची लागवड योजना आखली. २०१३च्या उभारणीत जवळपास चौथा हिस्सा लाकूड या जंगलातील होते. पुढच्या खेपेची तयारीही सुरू झाली आहे. जून २०२५ मध्ये किसोच्या आगेमात्सु येथे केवळ कुऱ्हाडीच्या घावांनी पहिली झाडे विधिपूर्वक पाडण्यात आली.

उतरविलेले लाकूड वाया जात नाही. मुख्य मंदिरांचे कण्याचे खांब इसुझु नदीवरील उजी पुलाच्या दोन्ही टोकांना 'तोरिइ' म्हणजे प्रवेशकमानी म्हणून उभे राहतात. वीस वर्षांनी तेथून ते जुन्या यात्रामार्गावरील सेकी आणि कुवाना येथे जातात. उरलेले लाकूड देशभरातील अन्य देवस्थानांना मिळते.

प्रत्यक्ष दर्शनात फारसे काही दिसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. एकात एक अशा लाकडी कुंपणांपलीकडे छपराचा माथा तेवढा दिसतो आणि समोर पांढरा रेशमी पडदा असतो. सूर्यदेवतेचे प्रतीक असलेला पवित्र आरसा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. येथे दोनदा लवून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा नमस्कार, अशी पद्धत आहे. मुख्य मंदिरापुढील पायऱ्यांच्या वर छायाचित्रण निषिद्ध आहे. स्वतःसाठी काही मागणे असेल, तर ते नाइकूच्या मागील आरामात्सुरी या उपमंदिरात मागावे, असा संकेत आहे. मुख्य मंदिरात फक्त कृतज्ञता व्यक्त करायची.

प्रवेशशुल्क नाही आणि दरवाजे पहाटे पाचलाच उघडतात. नागोयाहून रेल्वेने साधारण दीड तास लागतो. शक्य असल्यास आदल्या रात्री इसेत मुक्काम करून पहाटेच नाइकू गाठावे. त्या वेळी पुलावर गर्दी नसते आणि नदीच्या दगडी पायऱ्यांवर बसून हात धुता येतात. परतताना ओहाराईमाची या जुन्या पेठेत १७०७ पासून चालत आलेल्या दुकानातील 'आकाफुकु' मिळतो. तांदळाच्या मऊ गोळ्यावर गोड पुरणासारखा लाल चवळीचा थर असतो आणि त्यावरील बोटांचे ठसे म्हणजे इसुझुच्या लाटा. एदो काळात घरच्या मालकाला यात्रा जमली नाही, तर तो गळ्यात पैशांची पिशवी बांधून कुत्र्याला यात्रेकरूंसोबत पाठवीत असे. वाटेतले लोक त्या कुत्र्याला खाऊ घालीत. त्याच्या छोट्या मूर्ती या पेठेत आजही विकत मिळतात.