काचेची वाटी ते स्क्लेरल लेन्स

मला केराटोकोनस आहे. म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलाय, चष्म्याने भागत नाही.

१८८८ मध्ये झुरिकच्या अडॉल्फ फिक यांनी डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या लेन्सबद्दल लिहिलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये युजीन काल्ट यांनी केराटोकोनसवर काचेची वाटी वापरून पाहिली. फिक लेन्सखाली साखरेचं द्रावण भरायचे, त्यामुळे पडद्याचा उंचसखलपणा भरून निघायचा. पण काचेतून ऑक्सिजन जात नाही ना! काही तासांतच लेन्स काढावी लागे.

१९४८ मध्ये केविन टूही यांची छोटी प्लास्टिक लेन्स आली, तिच्यातूनही ऑक्सिजन जात नव्हता. पुढे ऑक्सिजन जाऊ देणारं प्लास्टिक आलं आणि मोठ्या लेन्सचे दिवस फिरले.

आज मी स्क्लेरल लेन्समध्ये सलाईन भरतो, घालतो आणि दिवसभर कोड लिहितो. युक्ती मात्र फिक यांचीच!